अक्रोडाची मूठ

टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. कुणी पाणी सोडलेलं नसताना स्वयंपाकघरातला गॅसचा गिझर पेटायला बघत होता. भांडी घासायचा नळ गळतो, गळणारं पाणी थोडं वाढलं की गिझरला वाटतं कुणीतरी हाक मारली. बॅटऱ्या संपत आल्यात, त्यामुळे ठिणगी पडत नाही, नुसता आवाज होतो. रविवारची दुपार होती. आतल्या खोलीत माझी लेक राफा नुकतीच झोपली होती, तिच्या मुठीतून माझी बाही सोडवून मी हळूच बाहेर आले होते. बाहेर जुलैची थंडी, आमच्याकडे तेव्हा ऐन हिवाळा, लाकडाच्या चुलींचा धूर गल्लीत खाली बसलेला, समोरच्या घराची फक्त कौलं दिसत होती. मी टेबलाशी अहवालाचा मसुदा उघडून बसले होते आणि त्या आवाजाबरोबर माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपलं आपण आत वळलं. कामावर हा आवाज मी दिवसातून पन्नासदा ऐकते. रिकामं पिस्तूल हातात धरायचं, चाप ओढायचा, घोडा पडतो का ते बघायचं. पडला की कागदावर खूण. बोटाला ते इतकं अंगवळणी पडलंय की राफाच्या दुधाच्या बाटलीचं झाकण लावतानासुद्धा ते तसंच वळतं, आणि त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. गुरुवारपर्यंत.

मी हत्यारं तपासते. आमच्या प्रांतात पोलिसांच्या हाती लागलेलं प्रत्येक हत्यार, आणि हत्यारासारखं दिसणारं काहीही, कागदी पिशवीत बंद होऊन शेवटी माझ्या टेबलावर येतं. निम्मी तर खेळणीच असतात. टोकाला नारिंगी प्लास्टिक असलेली, आणि तेच नारिंगी टोक कुणीतरी बुटाच्या पॉलिशनं काळं केलेली. टिकल्यांची, पाण्याची, छर्‍यांची. एव्हारिस्तोसाहेब, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, पिशव्यांचा ढीग आला की दारातूनच म्हणतात, रोक्साना, नाताळ लवकर आला गं. प्रत्येक खेळण्याबरोबर सरकारी वकिलाचा तोच प्रश्न येतो: याचं खरं हत्यार होऊ शकतं का, आणि झालंय का? प्लास्टिकच्या बहुतेकांचं होत नाही. ज्यांनी करून पाहिलं त्यांच्या बोटांचे फोटोही मी फायलीत लावलेत. पण नुसता आवाज काढण्यासाठी बनवलेली धातूची पिस्तुलं असतात, चेरीच्या बागांत पाखरं उडवायला, नाटकात, शर्यती सोडायला. दिसायला ती अगदी खऱ्यासारखी, वजनाला खऱ्यासारखी, आणि त्यांच्यात मुद्दाम बंद ठेवलेला एक रस्ता असतो. कुणीतरी कुठल्यातरी शेडमध्ये बसून तो रस्ता उघडतं. मग मी त्यांच्यापुढे 'होऊ शकतं' आणि 'झालंय' या दोन्ही चौकटींत खूण करते. गेल्या वर्षी कोर्टात एका वकिलानं मला विचारलं होतं, बाई, म्हणजे माझ्या पोराच्या खेळण्यानंही उद्या माणूस मरेल असं म्हणायचंय का तुम्हाला? लोक हसले होते. मी न हसता सांगितलं होतं, वस्तू आधी काय होती याच्याशी मला काम नाही, आज ती काय आहे एवढंच मी सांगते. घरी येताना बसमध्ये मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता, हे आता आठवून कानाच्या पाळ्या गरम होतात.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी पिशवी फाडली, आणि पिस्तूल कागदावर आडवं ठेवायच्या आधीच मला कळलं होतं. डोळ्यांना नाही, तळव्याला. मुठीची उजवी बाजू काळ्या प्लास्टिकची होती, कारखान्यातली. डावी बाजू लाकडाची, अक्रोडाच्या लाकडाची, आणि ती बसवायला लावलेला स्क्रू शिवणयंत्राचा होता. दोन हजार दहाच्या भूकंपात पपांचं कपाट उलटलं, त्यात ते पिस्तूल फरशीवर आपटलं आणि मुठीची एक बाजू फुटली. अंगणातला अक्रोडही तेव्हाच कोसळला होता. त्या महिन्यात शाळा बंद, वीज बंद, सगळं ताल्का शहर अंगणात झोपत होतं, आणि पपा त्या पडलेल्या झाडाच्या फांदीतून चाकूनं एक तुकडा कोरत बसायचे. मी सोळा वर्षांची होते. तुकड्याला पॉलिशपेपर मी मारला होता. वर अंगठा बसतो तिथे थोडं जास्त घासलं गेलं, खळगा पडला, तर पपा म्हणाले, बरं झालं, आता ही माझ्याच हाताची झाली. आणि आपल्या शिवणयंत्राचा स्क्रू काढला म्हणून आई महिनाभर बोलत होती. गुरुवारी माझा अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला. रबरी हातमोज्यातून. शेजारच्या टेबलावर कुणीतरी रेडिओ लावला होता. मी पिस्तूल खाली ठेवलं, वजन केलं, फोटो काढले, नळीच्या जागी काय केलंय ते मोजलं, आकडे लिहिले. सगळे आकडे बरोबर आले. जेवणाच्या सुट्टीत मी उकडलेलं अंडं सोलून तसंच डब्यात परत ठेवलं.

माझे वडील ओस्वाल्दो रेतामाल, एका शाळेत तेहतीस वर्षं व्यायामशिक्षक होते आणि प्रांतातल्या सगळ्या शालेय शर्यती तेच सोडायचे. ताल्कात मला अजून कुणी माझ्या नावानं ओळखत नाही. बँकेत, दवाखान्यात, भाजीच्या बाजारात, अगं तू रेतामाल सरांची ना, म्हणतात, आणि मग आपण कुठल्या साली चारशे मीटर धावलो ते सांगतात. शर्यतीच्या दिवशी पपा लाल कोट घालायचे, स्टुलावर चढायचे, हात वर करायचे. जागेवर. तयार. त्या 'तयार' नंतरची शांतता मला अजून पोटात जाणवते. सातशे मुलं, त्यांचे आईबाप, शेंगदाणे विकणारा, सगळे श्वास धरून. मग बार. मैदानाकडेच्या झाडांतून कबुतरं उठायची आणि खाली मुलं सुटायची. लहानपणी मला वाटायचं की त्या आवाजानंच मुलं पुढे ढकलली जातात. कुणी आधीच निसटलं तर पपा लगेच दुसरा बार काढायचे. दुसरा बार म्हणजे परत या. जी पोरं जीव खाऊन धावत सुटलेली असायची ती तो आवाज ऐकून थांबायची, वळायची, धापा टाकत परत आखलेल्या रेषेवर यायची. घाई केलेल्या पोरावर पपा कधी ओरडल्याचं आठवत नाही. त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, आले ना सगळे परत, मग झालं काय? घरी आलं की ते पिस्तूल पुसून, कापूर घातलेल्या बुटांच्या खोक्यात ठेवायचे. मी विचारायचे, हे खरं आहे? ते म्हणायचे, हिला नुसता आवाज आहे बाळा, दुसरं काही नाही. आमच्या घरात त्या पिस्तुलाचा उल्लेख सगळे बाईमाणसासारखा करायचे. आई तर सवतच म्हणायची.

ते गेले तेव्हा राफा चार महिन्यांची होती. घर भाड्याचं होतं, मालकाला महिनाअखेर रिकामं हवं होतं, आई लिनारेसला मावशीकडे राहायला जाणार होती. एलादिओ, माझा नवरा, उत्तरेला खाणीत. सात दिवस वर, सात दिवस घरी, आणि ते सात दिवस वरचे होते. मी राफाला छातीशी बांधून खोकी भरत होते. तिला तेव्हा पोटदुखी होती, दर वीस मिनिटांनी रडायची, मी तीन आठवडे सलग दोन तास झोपले नव्हते. आई कपाटातून एकेक वस्तू काढून विचारायची, हे? आणि मी सांगायचे, ठेव, दे, टाक. शाळेच्या मदतीसाठी चर्चच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरणार होता, त्यासाठी तीन खोकी वेगळी केली. एकावर मी जाड मार्करनं लिहिलं: भांडी. दुसऱ्यावर: पुस्तकं. तिसऱ्यात उड्या मारायच्या दोऱ्या, रिले शर्यतीच्या काठ्या, शिट्ट्या, रबरी चेंडू. त्यावर लिहिलं: खेळणी. गेले तीन दिवस मी स्वतःला सांगत आले की बुटांचं खोकं त्यात आईनं टाकलं, मी पाहिलंच नाही. शुक्रवारी अंघोळ करताना मला आठवलं की मी खोकं हातात घेतलं होतं. शनिवारी, काल, बाजारात भोपळा निवडताना, एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला, तेव्हा आठवलं की ते जड होतं आणि ते जड आहे हे मला कळलं होतं. आणि आत्ता, गिझर टक् टक् करत असताना, मला त्याचा वासही आठवतो आहे. कापूर आणि जळका वास, दोन्ही एकात. म्हणजे झाकण मी उघडलं होतं. तेव्हा मला प्रयोगशाळेत लागून दीड वर्ष झालं होतं. अशी पिस्तुलं घरात सापडली तर ती जमा करायची असतात, अर्ज असतो, दोन प्रती, रांग असते, हे मला माहीत होतं. मीच लोकांना फोनवर सांगायचे. मला त्या रांगेत रडणारं मूल घेऊन उभी असलेली मी दिसली. मी झाकण लावलं, खोकं दोऱ्यांच्या खाली सरकवलं आणि राफाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. एवढंच. एखाद्या गोष्टीला किती वेळ लागतो म्हणून कुणी विचारलं तर सांगता येईल, ढेकर यायला लागतो तितका. तिनं ढेकर दिला आणि झोपली, आणि मला त्या दिवसातलं तेवढं सुख अजून लख्ख आठवतं.

त्या पिस्तुलानं जी बाई मेली तिचं नाव नोल्फा कान्सिनो. वय छप्पन्न, एका बालवाडीत साफसफाईला होती, सकाळी सव्वासहाला बसथांब्यावर उभी होती. हे मला खरं तर माहीत असायची गरज नसते. आम्ही वस्तू तपासतो, आम्हाला माणसं सांगत नाहीत. पण या वेळी फाईल चुकून पूर्ण आली आणि मी ती वाचली. थांब्यावर सहाजण होते. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला, फोन मागू लागला, वर छपराकडे एक बार काढला. पाचजण पळाले. पेपर टाकणाऱ्या माणसाची साक्ष आहे, तो सायकल टाकून पळाला आणि कोपऱ्यावरून त्यानं वळून पाहिलं. नोल्फा पळाली नव्हती. पिशवी पोटाशी धरून उभी होती आणि त्या मुलाला म्हणाली, ठेव ते खेळणं खाली, बाळा. साक्षीत हे वाक्य तसंच आहे. पेपरवाला म्हणतो, रागावून नाही, शाळेतल्या पोरांशी बोलतात तसं म्हणाली. मग दुसरा बार. आरोपीचा वकीलही आता तेच म्हणणार आहे, खेळणं होतं, त्याला वाटलं नुसता आवाज होईल, शर्यतीचं पिस्तूल ते. म्हणून या वेळी प्रश्न उलटा आलाय. आज ते काय आहे हे सगळ्यांना दिसतंय. आधी काय होतं, ते सांगा. आधी काय होतं ते माझ्याइतकं पृथ्वीवर कुणाला माहीत नाही.

अहवालाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, एक छापील वाक्य असतं. या प्रकरणातील कोणत्याही व्यक्तीशी अथवा वस्तूशी माझा संबंध नाही. त्याखाली सही. सहा वर्षांत मी ते वाक्य एकदाही वाचलेलं नाही. उद्या नऊ वाजता सही करून कागद एव्हारिस्तोसाहेबांच्या टेबलावर ठेवायचाय. सही केली तर काही होणार नाही, ही त्यातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट आहे. अहवाल खराच असेल. आकडे खरे. 'मूळ स्वरूप: शर्यत सोडण्याचे, आवाजाचे पिस्तूल' हेही खरं. मुठीची एक बाजू बदललेली, लाकडी, एवढं लिहिलं की झालं. कुणाचं लाकूड, कुणी विचारत नाही. आणि सही केली नाही तर आधी एव्हारिस्तोसाहेब दार लावून घेतील, मग राजधानीतून कुणीतरी येईल, मी तपासलेल्या जुन्या फायली उघडतील, मला घरी बसवतील, कदाचित कायमची. शिवाय येता शनिवार आहे. शनिवारी शाळेच्या नव्या धावपट्टीला पपांचं नाव देणार आहेत. पाटी रंगवून तयार आहे, मी पाहिली, त्यांच्या नावातला एक वेलांटीसारखा फराटा जरा जास्तच लांब झालाय.

मी आईला फोन लावला. एक वाजता जेवून ती रेडिओ ऐकत बसते, तीन-साडेतीनपर्यंत जागी असते. तिनं मला बोलूच दिलं नाही. मावशीचा गुडघा, क्विन्स फळांचा मुरांबा पातळ झाला, निळा कोट धुवायला दिलाय, शनिवारी सातशे मुलं येणार म्हणे आणि प्रत्येकाच्या हातात कागदी झेंडा. अक्रोड मिळाले का, राफाला एका वेळी दोनच दे, पोट बिघडेल. मी म्हटलं, आई, बाजाराला दिलेल्या खोक्यात पपांचं पिस्तूल होतं का? तिकडे रेडिओ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मी तुला विचारलं होतं," आई म्हणाली. "हातात धरून विचारलं होतं, ह्याचं काय करू. तू म्हणालीस, खेळणी."

मी म्हटलं, मला आठवतंय. आईनं इतकं लगेच कबूल केलं, की तीही हे चार वर्षं बाळगून असावी असं मला वाटलं. ती म्हणाली, आणि खेळणंच होतं ते, तीस वर्षं वाजवलं त्यांनी, एक चिमणी मेली नाही कधी. मग म्हणाली, का विचारतेस? ताल्कापासून लिनारेसला पेपर पोचायला तासभर लागत असेल. तिनं बसथांब्याचं सगळं वाचलेलं होतं. तिचा श्वास बदलला. मला वाटलं रडेल, पण ती एकदम व्यवहारी आवाजात बोलू लागली, घरमालकाशी बोलायची तशी. असं पिस्तूल काय एकच असतं का? कशावरून तेच? मी म्हटलं, अक्रोडाची मूठ. ती म्हणाली, आणि माझा स्क्रू. मी म्हटलं, आणि तुझा स्क्रू. त्यावर आम्ही दोघी, मला सांगायला लाज वाटते, थोडंसं हसलो. हसणं मध्येच संपलं.

"त्या बाईला मी ओळखत नाही," आई म्हणाली. "देव तिला जवळ करो. पण तुझ्या बापाला ओळखते मी. शनिवार होऊ दे, पोरी. माझा कोट धुऊन येऊ दे. नंतर काय सांगायचं ते सांग."

"उद्या सही करायची आहे."

"मग कर. सही म्हणजे काय, आपलं नाव तर लिहायचं."

मग तिचा आवाज उतरला. म्हणाली, तू काही केलं नाहीस. तू दमली होतीस. पोर रडत होतं, मी बघत होते ना, तुझ्या अंगात कमीज उलटा होता आणि तुला कळलंही नव्हतं. दमलेल्या बाईला काय विचारायचं, चूक माझी, मी विचारायलाच नको होतं. फोन ठेवताना म्हणाली, राफाला माझा पापा दे. फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. दमली होतीस. किती मऊ शब्द आहे, उशीसारखा, त्यावर डोकं टेकलं की झालं. आणि खरा आहे. मी तेव्हा दमलेली होते, आत्ताही आहे, मला वाटतं राफा झाल्यापासून मी एक दिवसही न दमलेली नाही. पण नोल्फा कान्सिनोही सकाळी सव्वासहाला दमलेलीच असणार. त्या बालवाडीतल्या बाकांखालची खरकटी पुसून तिचीही कंबर दुखत असणार, आणि थांब्यावर तिनं त्या मुलाच्या हाताकडे पाहिलं आणि दमलेल्या माणसाला जे पटकन सुचतं ते तिला सुचलं. खेळणं. आम्ही दोघींनी एकाच वस्तूकडे पाहून एकच शब्द वापरला. तिला माहीत नव्हतं म्हणून. मला माहीत होतं. माझ्या डोक्यात हे दोन्ही प्रसंग जवळ येतात, मग गिझर टक् करतो आणि लांब जातात. मी उठून नळाखाली फडकं लावलं. आवाज थांबला. मग तो थांबल्याचाच त्रास व्हायला लागला.

आतून राफानं हाक मारली नाही, ती कधीच हाक मारत नाही, उठली की कामाला लागते. अनवाणी पायांचा आवाज आला, मग काहीतरी ओतल्याचा. आजीनं पाठवलेली अक्रोडांची पिशवी तिनं बोळात उपडी केली होती. आमचं घर भूकंपातून वाचलं पण थोडं कलंडलं, बोळाची फरशी दारापासून मागच्या अंगणाकडे उतरती झालीय. डोळ्यांना दिसत नाही, पण कुठलीही गोल वस्तू ठेवली की आधी क्षणभर विचार करते आणि मग चालू लागते. एलादिओ दर खेपेला म्हणतो, या वेळी फरशी सरळ करतो, आणि त्याचे सात दिवस झोपण्यात जातात, मी त्याला उठवत नाही. राफाला तो उतार फार आवडतो. ताताची शर्यत हा तिचा खेळ मीच तिला शिकवलाय. ताता म्हणजे माझे पपा. फोटोतल्या लाल कोटातल्या माणसाला ती ताता म्हणते. मी स्वयंपाक करताना एकदा तिला सांगत बसले होते, तो स्टुलावर कसा चढायचा, जागेवर, तयार, मग बार, आणि कुणी आधी पळालं तर दुसरा बार, की सगळे परत. तिनं ते सगळं जसंच्या तसं उचललं. बार काढायला तिच्याकडे पातेल्याचं झाकण आणि डाव आहे.

मी पाव कापायला घेतला. संध्याकाळच्या चहाची वेळ व्हायला आली होती. दोन पाव मधोमध चिरले, अॅव्होकॅडो कुस्करलं, मीठ घातलं. हात पुसले. मग टेबलाशी बसून मसुद्याचं पहिलं पान समोर ओढलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते छापील वाक्य वाचलं, एकेक शब्द, राफाला गोष्ट वाचून दाखवावी तसं. बोळातून तिचा जाड केलेला आवाज आला, जागेवर. ती रांग लावत होती. फरशी अक्रोड थांबू देत नाही, म्हणून ती आडवी फुटपट्टी लावून धरते. मी वाक्यातल्या शेवटच्या शब्दावर आडवी रेघ मारली. तयार, राफा म्हणाली. त्या शांततेत मला सातशे मुलं ऐकू आली, शेंगदाणेवाला ऐकू आला. मी रेघेच्या वर लिहिलं: आहे. हे पिस्तूल माझे वडील ओस्वाल्दो रेतामाल यांचे. मुठीचा डावा भाग त्यांनी आणि मी केला. ते खेळण्यांच्या खोक्यात घालून बाहेर मी दिले, काय आहे हे ठाऊक असताना. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं. वाटलं होतं की लिहून झाल्यावर काहीतरी हलकं होईल. काही झालं नाही. पाठ दुखत होती तशीच दुखत होती, आणि शनिवारी आई निळा कोट घालून कुठे बसेल, तिच्याशेजारची खुर्ची कोण घेईल, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

ढाण्. अक्रोड सुटले. कोरड्या फरशीवर त्यांचा घरंगळता आवाज माझ्या मागून गेला, भिंतीवर एक आपटला, एक दारातून खाली अंगणात गेला, मग सगळं थांबलं. राफा म्हणाली, नाही नाही, हा आधी गेला. आणि पुन्हा ढाण्. मी पेनचं टोपण लावलं. बोळातून काहीच आवाज येईना. मी वळून पाहिलं. ती वरच्या टोकाला, झाकण पोटाशी धरून, ताठ उभी होती आणि खाली बघत होती, जिथे अंधाऱ्या कोपऱ्यात अक्रोड जाऊन पडले होते. केस झोपेनं एका बाजूला चपटे झालेले. वाट बघत होती. चांगली मिनिटभर तिनं वाट पाहिली. मग तिनं पुन्हा एकदा झाकण वाजवलं, हळू, आठवण करून दिल्यासारखं, आणि माझ्याकडे वळली.

"आई, मी दुसरा बार केला ना. मग ते परत का येत नाहीत?"